दाजींची तारीफ

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, चौथी नापास. दाजी माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, राहणार जिंतूर, जिल्हा परभणी. न आवडलेल्या गोष्टीची हा माणूस तोंडभर तारीफ करायचा. आवडली की मुका.

बहिणीला बघायला आले तेव्हा पोहे खाल्ले अन् एक शब्द न बोलता उठून गेले. माझा बाप म्हणाला, "गेलं हातचं स्थळ." चार दिवसांनी होकार आला. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात मात्र "वा! काय चहा हाय!" म्हणत अर्धा कप तसाच ठेवायचे. हॉटेलवाला खूश. कुणाचं मन मोडायचं न्हाई, हा त्यांचा हट्ट. मी तोंडावर बोलणारा, म्हणूनच आमचं जमलं.

बहीण वारली. भाचा संतोष म्हणाला, "मामा, दादा आता पुण्याला माझ्याकडंच राहतील. तुम्ही सोडायला चला." गेलो. दाजींनी फ्लॅटची तारीफ केली, लिफ्टची केली, बागेची केली. संतोष हरखून गेला. संध्याकाळी आम्हाला बिअर पाजायला घेऊन गेला. ती तिथंच बनवतात. काचेपलीकडं मोठाल्या टाक्या. चाखायला इवले इवले ग्लास आले.

पहिल्याला दाजी म्हणाले, "लय भारी!" दुसऱ्याला, "अमृतच की!" दोन्ही ग्लास बाजूला सारले. तिसरी ज्वारीची होती. आंबील जरा जास्त आंबली की लागते, तशी. दाजींनी घोट घेतला अन् गप्प. हळूहळू ग्लास संपवला.

"दादा, नाही आवडली का? दुसरी सांगू?"

"अरे, हीच आवडली त्यांना," मी म्हणालो. "सकाळधरनं तुझ्या फ्लॅटची तारीफ करायलेत, ती ऐकलीस न्हवं?"

संतोषचा चेहरा उतरला. "दादा, खरं सांगा. राहायचं का इथं?"

दाजींनी माझ्याकडं डोळे वटारले. "पाव्हणं, तुमाला गप बसवत न्हाई." मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घर लय चांगलं हाय, बाबा. लय चांगलं."

संतोष हसला, अन् हसता हसता त्यानं डोळे पुसले.

पुढच्या साली दाजी जिंतुरातच वारले, आपल्या घरात. उभ्या जन्मात त्यांनी माझी एकदाही तारीफ केली नाही. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

त्या बिअरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनावर गेलो अन् परभणीची दोन तिकिटं काढली.