उशिरा वाजणारी टाळी

यमक शिकवायचं म्हणजे शब्दाला शेपटी असते हे मुलांना आधी पटवून द्यावं लागतं. वसमतच्या ज्या इंग्रजी शाळेत मी सिनिअर केजीला शिकवते, तिथल्या पुस्तकात कॅट, बॅट, हॅट होतं. मुलांना त्यातली बॅट तेवढी माहीत होती. म्हणून मी मराठीतून सुरुवात केली. पाणी, गाणी. दोघांची शेपटी सारखी, तर टाळी. पाणी, झाड. सारखी नाही, तर हात मांडीवर.

"मॅडम, शेंगा-पेंगा," पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला.

"पेंगा म्हणजे काय?"

"काई न्हाई. शेंगाच्या मागं आलं."

त्याला यमक कळलं होतं. मग वर्गभर शेंगा-पेंगा सुरू झालं आणि मी पटकन उठून दार लोटून घेतलं. मुलांसमोर मला भीती वाटत नाही, पण व्हरांड्यातून मोठ्या मॅडमच्या चपलांचा आवाज आला की माझा आवाज आपोआप खाली जातो. त्या शाळा चालवतात आणि वर्गात गोंधळ आवडत नाही त्यांना.

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचं बाजारात गाद्यांचं दुकान होतं. घरात सगळे दखनी उर्दू बोलायचे. ती फारसं बोलत नसे, बोललीच तर शब्द तोंडात विरघळल्यासारखे यायचे. खेळात मात्र तिचं सहसा चुकत नसे. सगळ्यांच्या टाळ्या पडल्या की मागून तिची एक टाळी यायची. तिच्याबद्दल शाळेत कोणाला काळजी नव्हती. "घरी उर्दू बोलतात, मराठीला वेळ लागणार," असं मोठ्या मॅडम प्रवेशाच्या दिवशीच म्हणाल्या होत्या. वर्ग झाडणाऱ्या, मुलांना बाथरूमला नेणाऱ्या मावशी म्हणायच्या, "जीभ जड हाय लेकराची. बोलंल सावकाश."

मला तिसरंच वाटायचं. मला वाटायचं, ही माझ्यासारखी आहे. नांदेडच्या इंग्रजी शाळेत मला घातलं तेव्हा घरात कोणाला इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी विनोद केला की मी आधी इतरांकडे बघायचे आणि मग हसायचे. प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचे. माझं एकटीचं नाव पुकारलं की मी खाली वाकून बुटाची लेस सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. त्यामुळे या मुलीला मी कधी एकटीला उभं केलं नाही. घोळक्यात तिला बरं वाटत असेल, तर राहू दे घोळक्यात.

पावसाळा संपता संपता मला जोराची सर्दी झाली. मुलांना लागू नये म्हणून मी मास्क लावून वर्गात गेले. खेळ नेहमीचाच. मी "ताई, बाई" म्हटलं, टाळ्या पडल्या. "माळ, जाळ" म्हटलं, टाळ्या पडल्या. खिडकीजवळून टाळी आली नाही. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती, मग कपाळाकडे, मग परत डोळ्यांकडे. एखाद्या घराचं दार कुठे आहे ते शोधावं तसं. मी जवळ गेले आणि तिच्यासमोर वाकून पुन्हा म्हटलं, "माळ, जाळ."

तिने हात वर केला आणि माझा मास्क ओढून हनुवटीवर आणला. मग तोंडाकडे बघत थांबली.

मुलं हसली. मीही हसले, कारण सगळे हसत होते. पण ती माझ्या ओठांवरून नजर हलवेना. मी मास्क तसाच ठेवून म्हटलं, "माळ, जाळ." तिने टाळी वाजवली.

त्यानंतरचे दिवस मी तिच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. फळ्याकडे तोंड करून मी शब्द म्हणायचे आणि पटकन वळायचे. तिची नजर शेजारणीच्या हातांवर असायची. शेजारीण ज्या दिवशी आली नाही, त्या दिवशी ती सगळ्या टाळ्या चुकली. वाळूत खेळताना मी पाठीमागे उभी राहून हळूच "चॉकलेट" म्हटलं. बाकीची सगळी वळली. ती एकटी वाळू थापत राहिली. मला वाटलं, मी जे पाहिलं ते पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं.

मी मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही मॅडम."

"मागे एका टीचरनं एका मुलाला स्लो म्हटलं. अख्खं घर येऊन माझ्या ऑफिसात बसलं होतं. मुलीच्या बाबतीत तर बोलूच नका असलं काही. दिवाळीनंतर पालक मीटिंग आहे, तेव्हा बघू."

"हो मॅडम," मी म्हटलं. मी नेहमी हो म्हणते.

बाहेर मावशी पायपुसणं झटकत होत्या. "काहून, मॅडम? भुतानं धरल्यावाणी तोंड झालं."

मी त्यांना सांगितलं. त्यांनी पायपुसणं खाली ठेवलं.

"मंग सांगा ना घरी जाऊन. तुमी न्हाई तर कोण सांगंल, कावळा?"

"नोकरी जाईल, मावशी. आणि माझं चुकीचं असलं तर?"

"चुकीचं असलं तर चांगलंच हाय की. खाऊन राहिले का ते तुमाला?"

मला खरोखरच तसं वाटत होतं, पण ते मावशींना समजावून सांगता आलं नसतं. नोकरीची भीती होती, ती कळण्यासारखी होती. दुसरी भीती मोठी होती. मी बोलले आणि त्यांनी राग धरून मुलीला शाळेतून काढलं, तर ती कायमची घरात बसेल, जीभ जड असलेली मुलगी म्हणून. न बोलले तरी तेच होईल, फक्त सावकाश.

शनिवारी दुपारी मी त्या दुकानात गेले. आत जायच्या आधी समोरच्या बांगड्यांच्या दुकानापाशी उगाच उभी राहिले. गादीच्या दुकानात कापूस पिंजायची मशीन चालू होती. तिचा आवाज कानांतून नाही, दातांतून आत शिरत होता. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मुलीचे वडील मशीनमध्ये कापूस लोटत होते, आजोबा फरशीवर बसून गादीला टाके घालत होते, आणि माझी विद्यार्थिनी कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. मला पाहून ती लाजली आणि ढिगामागे गेली.

"बोला, मॅडम," वडील ओरडले.

मी बोलले. मलाच माझा आवाज आला नाही.

"काय?"

मी पुन्हा बोलले. त्यांनी दोन्ही हात लांब पसरून दाखवले आणि भुवया उडवल्या. सिंगल की डबल?

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी हात जवळ आणून छोटा चौकोन केला. उशी?

मी हो म्हटलं.

उशीची ऑर्डर देऊन मी तिथेच उभी राहिले, आणि तेव्हा मला दिसलं की या दुकानात सगळेच असे बोलतात. वडिलांनी आजोबांना खांद्याला हात लावून सुई मागितली. पोरीला चहाचा ग्लास दाखवला आणि बोटाने आतल्या दाराकडे खूण केली. ती पळत आत गेली. मशीन दिवसभर चालते, घर दुकानाच्या मागे. इथे कोणाला कळणार होतं?

उशी घ्यायला मी पुन्हा गेले तेव्हा मशीन बंद होती. तिचा पट्टा तुटला होता. वडील हाताला लागलेलं ग्रीस पुसत होते. मुलगी आमच्याकडे पाठ करून कापसाचे गोळे रांगेत मांडत होती. एवढी शांतता होती की आजोबांचा दोरा कापडातून ओढला जाताना ऐकू येत होता. आवाजाआड लपायची सोय उरली नव्हती.

"उशी तयार आहे," ते म्हणाले.

"मला दुसरं बोलायचं होतं," मी म्हटलं. पैसे काढायला पर्सकडे गेलेला हात मी मागे घेतला. "तिला ऐकू कमी येतं, असं मला वाटतं."

ते हसले. "ऐकू येतं हो मॅडम. लाडकी आहे, म्हणून ऐकत नाही. घरी सगळं समजतं तिला. 'पानी ला' म्हटलं, पानी आणते."

"तुमच्याकडे बघत असते तेव्हा."

त्यांचं हसणं अर्धं राहिलं. मला सिद्ध करून दाखवायला ते मुलीकडे वळले. "बेटा."

ती गोळे मांडत राहिली.

"ए बेटा. देख, मॅडम आई."

तिने एक गोळा उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

आजोबा टाका घालता घालता, मान खाली ठेवूनच म्हणाले, "जोर से बोल ना. मशीन में कैसा सुनेगी?"

"मशीन बंद है, अब्बा," वडील म्हणाले.

आजोबांचा हात थांबला. वडील स्वतःच्याच वाक्याकडे बघत असल्यासारखे उभे होते. मग ते चार पावलं चालत मुलीच्या समोर गेले. ती वर बघून हसली आणि हात पसरले. त्यांनी तिला उचललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी एक पाऊल मागे सरकले.

"शाळेत कोणाला सांगितलं?"

"मोठ्या मॅडमना. आणि मावशींना."

"आता कोणाला बोलू नका. पोरीची जात आहे." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "जा तुम्ही."

सोमवारी तिची जागा रिकामी होती. मंगळवारीही. मोठ्या मॅडमनी हजेरीवर बोट ठेवून विचारलं, "ही आजारी आहे का?" मी म्हटलं, "माहीत नाही मॅडम." वर्गात शब्द घेताना माझे डोळे खिडकीकडे जायचे आणि टाळ्या पडल्यानंतर मी थांबून राहायचे, मागून आणखी एक यायची म्हणून. रात्री मी मनातल्या मनात मोठ्या मॅडमच्या ऑफिसात अख्खं घर येऊन बसलेलं बघायचे. त्याहून वाईट म्हणजे कोणीच येत नाही असं बघायचे. आठवडा तसाच गेला. मावशींनीही विचारायचं सोडलं.

मग एक दिवस शाळा सुटताना फाटकाशी बुरख्यातल्या एक बाई उभ्या होत्या. मुलीची आई. त्या आधी कधी शाळेत आल्या नव्हत्या. मला पाहून त्यांनी चेहऱ्यावरून पडदा वर केला. डोळे सुजलेले होते. त्या हात उगारतील असं मला एक क्षण वाटलं.

"नांदेडला गेलतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानाला मशीन लावणार. कानाचं नाप घेतलं." मग थोडं थांबून, "मला वाटायचं कधी कधी. किसको बोलू? सास बोलती, तू कायकू मनहूस बोलती."

मी त्यांचा हात धरला, तो गार होता. माझाही.

"तिचे अब्बा तुमच्यावर खफा आहेत अजून," त्या म्हणाल्या. "पर जाके आए. शाळेतून काढायचं नाही म्हणाले."

मशीन लावून ती आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. कानांमागे दोन छोट्या तपकिरी मशिनी, केसांत लपवलेल्या. मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की हात लावायचा नाही. मोठ्या मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या, त्या काय म्हणतील या भीतीने मी घाईने खेळ सुरू केला. "पाणी, गाणी," मी म्हटलं, आणि वर्गाने नेहमीसारखी दणदणीत टाळी वाजवली.

ती किंचाळली. दोन्ही हातांनी कान झाकून ती बाकाखाली बसली. सगळा वर्ग गप्प झाला. आजवर एवढा आवाज तिच्या अंगावर कधी आला नव्हता; दुकानातली मशीन चालू असली की आई तिच्या मशिनी काढून ठेवायची. मशिनी काढायला तिची बोटं केसांत शिरत होती आणि मला वाटलं, आता काढल्या तर ती पुन्हा लावू देणार नाही.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "बाहेर घेऊन जा तिला. मी बघते यांना."

व्हरांड्याच्या टोकाला मी तिला शेजारी घेऊन बसले. रस्त्यावरून एसटी गेली तशी तिने माझं बोट घट्ट पकडलं. एक कावळा ओरडला आणि ती माझ्या कुशीत शिरली. मलाही रडू येत होतं. वर्गातून मोठ्या मॅडमचा आवाज येत होता, "आता हळू वाजवायची टाळी. एका बोटानं." मुलं खुसखुसत होती.

मग मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "पाणी."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"झाड."

हात मांडीवरच राहिले. मी थांबले. जिचं बघून टाळी वाजवावी अशी शेजारीण इथे नव्हती. मग मी मान बाजूला वळवली, तिला माझे ओठ दिसू नयेत इतकी, आणि म्हटलं, "पाणी. गाणी."

काहीच आलं नाही. मला वळून बघायचं धाडस होईना. मग शेजारून एक टाळी वाजली, आणि लगेच तिने श्वास आत ओढल्याचा आवाज. मी पाहिलं. ती स्वतःच्या आवाजाने दचकली होती. तळवे समोर धरून ती त्यांच्याकडे बघत होती, आणि हळूहळू, घाबरत घाबरत, ते पुन्हा एकमेकांजवळ आणत होती.