वारेतले रखवालदार

इकडे उत्तरेत, जानकीपुरमला औषधांच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, आणि घरी पाहुणे जेवायला बसले की पेशींच्या गोष्टी सांगते. त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट रखवालदारांची. पेशीच्या दारात काही प्रथिनं उभी असतात. औषध आत शिरलं की कॉलर धरून त्याला बाहेर काढतात. आई आणि बाळ यांच्या मधल्या वारेतही ती असतात, आईच्या रक्तातून आलेलं औषध परत आईकडे ढकलतात. इथे मी चमचा खाली ठेवायचे, आवाज उतरवायचे आणि सांगायचे, की दिवस भरत आले की हे रखवालदार कमी होत जातात. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर नवरा टेबलाखालून पाय मारायचा.

ही गोष्ट ऐकत वाढलेली आमची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच बेफाम धावतात, त्यावर रोजची गोळी आहे. रक्त तपासलं तर औषध कमी पडतंय असं निघालं, म्हणून गोमती नगरच्या डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. आणि काही दिवसांतच ही आमचा एक जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वाढवणं राहिलं बाजूला, तिने होती ती गोळीसुद्धा अर्धी केली होती.

"आई, आप ही ने तो बताया था, आख़िर में चौकीदार कम हो जाते हैं."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी त्या दिवशी ई-रिक्षात तासभर हाडं खिळखिळी करून घेऊन आले होते, पाय सुजले होते. तरी प्रयोग लावला. पोळ्यांचा डबा झाला मूत्रपिंड, चहाची गाळणी झाली वार. तेच रखवालदार मूत्रपिंडातही असतात, म्हटलं, आणि गरोदरपणात तिथे ते दुप्पट उत्साहाने औषध बाहेर फेकतात असं दिसतं. म्हणून तुझ्या रक्तात ते उरत नाही. ती जाहिरात बघावी तशी बघत होती.

मग तिने विचारलं, हे सगळं कळतं कसं. गरोदर बायकांवर सहसा असले प्रयोग करत नाहीत, म्हटलं, त्यामुळे आम्ही बशीत पेशी वाढवतो. त्यांच्यावर गरोदरपणातली संप्रेरकं घालतो, पित्तातली आम्लं घालतो, आणि रखवालदार किती उरले ते बघतो.

"मतलब आपकी कोशिकाएँ प्रेगनेंट होने की एक्टिंग करती हैं," ती म्हणाली. "आप पर गई हैं."

मी हसले. इतकी वर्षं करतेय हे काम, पण इतकं नेमकं वर्णन आमच्या बैठकीत कोणी केलं नव्हतं. ती मात्र हसत नव्हती. पोटावर हात ठेवून म्हणाली, "सीधा बताइए. बच्चे तक जाएगी कि नहीं?"

गाळणी माझ्या हातातच होती. ती ठेवून दिली.

"जाईल. थोडी जाईल. नेमकी किती, ते मला माहीत नाही. तुझं हृदय असं धावत राहिलं तर बाळाला रक्त कमी पोचेल, एवढं मात्र माहीत आहे."

माझ्या तोंडून 'माहीत नाही' तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावून अर्ध्या गोळीचं सांगून टाकलं. बोलणी खाल्ली. बाळाचं विचारलं, त्याही तेच म्हणाल्या, माझ्यापेक्षा थोडक्यात. सांगितलेली पूर्ण गोळी आजच घे, परवा तपासणीसाठी रक्त द्यायला ये.

गोळी घेऊन पाण्याचा पेला खाली ठेवत लेक म्हणाली, नानी झाल्यावर तरी ही गोष्ट सांगायची नाही. मी कबूल केलं.

ती दिवाणावर आडवी झाली. मी शेजारी बसून तिचं मनगट धरलं. ठोके धावतच होते, एका गोळीने लगेच थांबणारही नव्हते. मला झोप येत होती. मनगट सोडलं नाही.