खंडेनवमीचे पिस्तूल

त्या खंडेनवमीची आठवण निघाली की आजही माझी छाती धडधडते. तेव्हा मी कॅनडातल्या रिचमंड हिलमध्ये साध्या वेशातला तपास अधिकारी होतो. शनिवारी दुपारी ठाण्यात फोन आला. प्लाझाच्या पार्किंगमध्ये एका माणसाने कमरेला पिस्तूल खोचले, वरून जॅकेट ओढले आणि तो गाडी घेऊन गेला. फोन करणाऱ्याने गाडीचा नंबरही दिला.

नंबरावरून मालक निघाला. पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, परवानाधारक नेमबाज, आजवर साधी तक्रारही नाही. तासाभरापूर्वीच तो नेमबाजीच्या रेंजच्या वहीत सही करून बाहेर पडला होता. इथे पिस्तूल रेंजवरून थेट घरी न्यावे लागते, तेही रिकामे आणि कुलूपबंद पेटीत. अंगावर लपवून नेणे हा सरळ गुन्हा.

गाडी एका सभागृहाबाहेर सापडली. आत साठ-सत्तर माणसे, लेकराबाळांसकट! कुमक मागवली, पण तिची वाट पाहायला वेळ नव्हता. आतून आरती ऐकू येत होती. पळापळ झाली तर मुले तुडवली जातील, म्हणून मी आणि माझी सहकारी गुपचूप आत शिरलो आणि परवान्यावरच्या फोटोवरून ओळखून त्याला बाजूला स्वयंपाकघरात घेतले. झडती घेतली. कमर रिकामी!

"पिस्तूल कुठे आहे?" मी मराठीतच विचारले.

"केसमध्ये लॉक आहे साहेब, गाडीत. चेक करा ना."

सहकारी धावत जाऊन आली. केस रिकामी होती. 

त्याच्या बोटांना हत्यार पुसायच्या तेलाचा वास येत होता. "रेंजवर साफ केलंत?"

"हो, एकदम चकाचक. बॅरलमध्ये कणसुद्धा ठेवला नाही." अशा वेळीही स्वारीच्या आवाजात कौतुक होते. एवढ्या निगुतीने कशासाठी? माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"पूजेत मांडलंत?"

त्याने मान खाली घातली. "केस आत आणली असती तर सगळे घाबरले असते, इथे गाडीत उघडली असती तर कुणी पाहिलं असतं, म्हणून वाटेतच जॅकेटखाली..."

मी अक्षरशः धावलो, सहकारी त्याला घेऊन माझ्या मागोमाग. पाटावर लॅपटॉप, सुऱ्या, विंटर टायर बदलायचा पाना आणि झेंडूचा ढीग. त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी त्या फुलांत हात घालत होती. "बाबा, कॅन आय होल्ड इट?"

एका हाताने तिला मागे ओढले, दुसऱ्याने फुलांखालचे पिस्तूल उचलले. चेंबर पाहिले. रिकामे! माझा जीव भांड्यात पडला.

त्याची बायको काकुळतीला आली. "रिकामंच होतं ना साहेब? पुढच्या महिन्यात यांची सिटिझनशिपची टेस्ट आहे. सोडा ना, आपलीच माणसं आपण."

"वहिनी, रिकामं आहे हे तुमच्या लेकीला माहीत होतं का?"

त्यांनी लेकीला जवळ ओढून घेतले. मी त्याला अटक केली. पुढे तुरुंग टळला, पण परवाना गेला आणि नागरिकत्व कित्येक वर्षे लांबले.

स्वतःच्या हाताने साफ केलेल्या हत्याराबद्दल माणूस निर्धास्त होतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. बेफिकीर माणसापेक्षा नीटनेटक्या माणसाची मला जास्त धास्ती वाटू लागली, ती तेव्हापासून.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दरवर्षीसारखी ताट घेऊन उभी. "द्या त्या हातकड्या, कुंकू लावते."

त्या हातकड्या नुकत्याच माझ्याच गावच्या माणसाच्या मनगटावरून काढल्या होत्या. मी काही चुकीचे केले नव्हते, तरी मला रडू आले.

"आज नको," मी म्हटले.