कुमुदिनीबाई जवळून गेल्या की

पहाटे पाचला खालच्या नळाला नर्मदेचं पाणी यायचं आणि कुमुदिनी दिघे यांचा दिवस सुरू व्हायचा. भाड्याच्या खोलीत नळ नव्हता. खालून बादल्या वर न्यायच्या. मग डबा, बस, आणि सांवेर रोडवर आमच्या कारखान्याचं फाटक. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या नावावर एका खोलीचं घर बुक केलं होतं. हप्ता पगारातून जायचा. नोकरी गेली तर घर गेलं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

कारखान्यात बस कंडक्टरची तिकीट-मशिनं बनायची. मी पॅकिंगला होतो, आता निवृत्त आहे. त्या तपासणीला होत्या. मशीन झोपवायचं, म्हणजे पडदा काळा करायचा, रॅकवर ठेवायचं, काही तासांनी बटण दाबून उठवायचं. न वापरता पडलेलं मशीन नीट झोपलं नाही तर बॅटरी दुपारीच संपते. दिवसभर उभं राहून भरलेले ट्रे उचलायचे. कुमुदिनीबाईंनी ट्रे कधी आपटला नाही. उचलायला लागते तेवढीच ताकद ठेवतानाही लावायची असते. ते थोड्यांना जमतं.

थंडी पडली आणि तो प्रकार सुरू झाला. त्या रॅकजवळून चालल्या की मागे एकेका मशीनचा काळा पडदा उजळायचा. हात लावलेला नसायचा. पडद्यावर हिरवी अक्षरं यायची: ‘तैयार’. त्या थांबल्या की पुढचं मशीन तसंच काळं. पाऊल टाकलं की तेही लागायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खोक्याला टेप लावायचं विसरलो.

दुसरं कोणी गेलं तर काहीच व्हायचं नाही.

शेजारच्या टेबलावरची निधी म्हणाली, "ताईजी, तुम्ही उधरनं फिरून जा ना. मला घबराहट होते." मागून कोणीतरी ‘पनवती’ म्हणालं. चहाला त्यांच्या बाकावर कोणी बसेना. सुपरवायझर प्रतापरावांनी त्यांना दुसरी रॅक दिली. तिथेही तेच. मग ते म्हणाले, "बाई, माल पास होत नाहीये. हा महिना बघतो. मग मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "दादा, खरं सांगा. माझ्या मागे कोणी चालतं का?"

"नाही," मी म्हणालो. तरी त्यांच्या खांद्यावरून एकदा मागे बघितलंच. त्यांनी ते पाहिलं.

मशीनच्या आतला प्रोग्राम पुण्याहून आलेल्या उन्मेषचा. पडदा, छपाई, बटण, यातला कोणता भाग केव्हा झोपवायचा आणि कोणत्या इशाऱ्यावर उठवायचा, हे ठरवणाऱ्या तुकड्याला ते लोक ड्रायव्हर म्हणत. उन्मेष आमच्याच कंपनीच्या विजय नगरच्या ऑफिसातून आला. ऐकून हसला नाही.

"काकू, चाला."

त्या चालल्या. पडदे उजळले.

"परत."

सकाळभर चालवलं. त्यांनी एकदाही दमले म्हटलं नाही. मग तो म्हणाला, "आता शाल काढून चाला."

एकही मशीन उठलं नाही.

शाल ॲक्रिलिकची, साडी नायलॉनची, पायात रबरी चप्पल. त्याने शाल निधीपुढे धरली. "मैं नहीं, भिया!" ती मागे सरली. मग त्याने स्वतःच शाल अंगावर घेतली, ती चप्पल बोटांत अडकवली आणि पाय घासत चालला. रॅक उजळत गेली.

"लो, उन्मेषजी पण पनवती!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. कुमुदिनीबाई हसल्या नाहीत.

"चूक माझी आहे," उन्मेष म्हणाला. "बॅटरी वाचावी म्हणून मशीन झोपताना बटणाच्या तारेचा आधारही मी काढून घेत होतो. तार मोकळी राहते. कोरड्या हवेत कपडे घासून अंगावर वीज साठते. ती जवळून गेली की मशीनला वाटतं, बटण दाबलं."

"मग शाल बंद करू," प्रतापराव म्हणाले.

"बसमध्ये किती जणांच्या शाली उतरवणार?"

त्याने ड्रायव्हर दुरुस्त केला. बाकी सगळं झोपवायचं, ती एक तार मात्र धरून ठेवायची.

नवा प्रोग्राम भरल्यावर कुमुदिनीबाई शाल घेऊन रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. सगळं काळं. प्रतापराव म्हणाले, "चला, लागा कामाला." नोकरी राहिली. त्या टोकाला उभ्या राहून मागे बघत होत्या. पुन्हा चालल्या, या वेळी मुद्दाम पाय घासत. काही नाही.

"बघा दादा," त्या हळूच म्हणाल्या, "आता मी गेले तरी कळत नाही."

मी निवृत्त झालो त्या वर्षी त्यांचा शेवटचा हप्ता फिटला. घर बघायला बोलावलं. संध्याकाळ झाली होती. त्या इमारतीच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे आहेत. त्या पुढे होत्या. पहिला जिना चढून गेल्या. दिवा लागला नाही. मी पायरीवर पाय ठेवला, लागला. दुसऱ्या मजल्यावरही तसंच.

"दिवा खराब आहे का?"

"नाही. सगळ्यांसाठी लागतो." आवाज वरच्या अंधारातून आला. "मला सवय झाली."

कुलूप उघडल्याचं ऐकू आलं. मी वर पोचलो, तेव्हा माझ्यामुळे लागलेल्या दिव्यात दारावरची पाटी दिसली. पाटीवर एकच नाव होतं, त्यांचं. ते दार आणि आतली एक खोली, एवढं त्यांच्या पगाराने घेतलं.