शिट्टीचा आळ

आमच्या कुत्र्याच्या पिल्लानं कूलरचा वाळा कुरतडून खाल्ला होता, बाबांचा मोजा गिळून परत ओकला होता. त्यामुळे कुकरची शिट्टी सापडेना, तेव्हा आईनं शोधायचीही तसदी घेतली नाही. "त्यानंच गिळली," म्हणाली.

आमच्या धंतोली भागात माणसांचे डॉक्टर पायलीचे पन्नास, कुत्र्याचा एक नाही. मग बाबांनीच उपाय काढला. केळी खाऊ घाला, शिट्टी आपोआप बाहेर पडेल. आम्हा भावंडांना अर्धं केळं मिळायची मारामार, आणि हा बेटा फण्याच्या फण्या रिचवत होता! माझं तर डोकंच फिरलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून आईला विचारलं, "काहून वं, कुत्र्याले उपास हाये का आज?" बाबा मात्र सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन मैदानात त्याच्या मागं मागं.

शेवटी आईनं तांदळाचा डबा उघडला, तर आत शिट्टी. पिल्लाच्या तोंडी लागू नये म्हणून तिनंच लपवली होती आणि साफ विसरली होती. बाबा हसून हसून खालीच बसले.

तेव्हापासून घरात कुणी "माझी किल्ली कुठं गेली?" असं ओरडलं, की पिल्लू धावत जाऊन केळ्यांच्या टोपलीपाशी बसायचं.