चावीकडं तीन

आमच्या पाटावर वेळ एकच, ती माझ्या मनगटावरची. हा नियम मी केलेला नाही. आम्ही सहा जण एका पाटाचं पाणी घेतो, ज्याला त्याला चार-चार तास, आठवड्यातनं एकदा. पूर्वी सहा जणांची सहा घड्याळं असायची आणि दर पाळीला खोरी उगारली जायची. मग सगळे देवळात बसले आणि ठरलं, घड्याळ एकच धरायचं. माझं धरलं, कारण पांढऱ्या तबकडीवर हरभऱ्याएवढे काळे आकडे होते. पलीकडच्या बांधावरनंही दिसायचं. मी नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरातनं स्वतः निवडून आणलेलं.

ते घड्याळ उसाला पाणी द्यायला दारं धरताना सरीत पडलं आणि दुसऱ्या दिवशी चिखलातनं निघालं. कोल्हापूरच्या घड्याळजीनं ते उघडून बघितलं आणि कागदात बांधून परत दिलं. म्हणाला, "पावणं, ह्यात आता ऊस लावा."

जावई शहरात नोकरीला. त्यानं नवं आणून दिलं, वेळ लावून, चावी भरून. तबकडी दुधाच्या चहाच्या रंगाची, काटे निळे, पट्टा तपकिरी. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण आकडा एक नाही. गोल फिरून बारा रेघा, सगळ्या सारख्या.

"आकडं कुठं गेलं, जावईबापू?"

"नसतातच मामा. जुन्या वळणाचं घड्याळ हाय. आता ह्याचीच फॅशन. फक्त एक ध्यानात ठेवा, ह्याची चावी..."

"मला घड्याळ बघायला शिकवतायसा व्हय? सबंध पाट माझ्या घड्याळावर चालतोय!"

त्यानं पट्टा माझ्या मनगटावर बांधून दिला. शाळेत मी दुसरीपर्यंत. तिथले आकडे तेवढे डोक्यात राहिलेले, ते जावयानं तबकडीवरनं काढून नेले. पण मी काय अडणारा माणूस नाही. चावी जिकडं तिकडं तीन, हे कुठल्याही घड्याळाचं ठरलेलं. तिथनं रेघा मोजायच्या. झालं.

त्या आठवड्यात माझी सकाळची एसटी चुकली. घरी येऊन म्हटलं, एसटी तासभर लवकर सुटली.

बायको भाकरी थापत होती. "एसटी उशिरा आल्याली ऐकलीया. लवकर सुटल्याली आजच ऐकती."

मग पाण्याची पाळी आली. माझी बारा ते चार, बाराच्या भोंग्यालाच आधीच्यानं पाणी माझ्याकडं सोडलेलं. माझ्यामागं चुलतभावाची. त्याचा ऊस ढेकळांच्या रानात, उन्हानं पानं वळलेली. कारखान्याचा चारचा भोंगा वाजला आणि हा खोरं घेऊन पाटाच्या दाऱ्यावर हजर.

मी मनगट वर केलं. चावीकडनं रेघा मोजल्या. तीनला पाच कमी.

"बस की जरा. येळ हाय अजून."

"दादा, भोंगा झाला."

"भोंगा चुकला."

"सगळ्या तालुक्यानं ऐकला त्यो!"

"मग सगळा तालुका चुकला. पाटाचं घड्याळ कुणाचं?"

तो बांधावर बसला. बरोब्बर चार झाल्यावर मी पाणी सोडलं, एक मिनिट जास्त घेतलं नाही. पुढच्या पाळीलाही तेच. त्या वेळी जाता जाता तो म्हणाला, "दादा, भावकीत पाणी चोरायचं तर सरळ चोरावं. घड्याळ कशाला मधी?"

पाण्याचा चोर! ह्या हातानं इतकी वर्षं पाट वाटला, कुणी असं बोललं नव्हतं.  चुलतभावानं बाकीच्या चौघांनाही सांगितलं. तिसऱ्या पाळीला चारचा भोंगा झाला तेव्हा पाचही जण बांधावर उभे. पाटाचं घड्याळ काढून दुसऱ्याचं धरायचं, असं आधीच ठरवून आलेले. माझं मनगट ह्या हातातनं त्या हातात फिरलं. एक म्हणाला चार, एक म्हणाला तीन, एकानं घड्याळ उलटं धरून साडेनऊ काढले.

नेमका त्या दिवशी जावई आलेला, उसाचा रस प्यायला. बायकोनं त्याला रानात पाठवलेलं. मला वाटलं, देवच आला.

"या जावईबापू! सांगा सगळ्यांना, किती वाजलं. तुमीच आणलंय."

त्यानं नुसती नजर टाकली. "चार वाजून गेलं की, मामा."

पाचही जणांनी माझ्याकडं बघितलं. 

"चावी तिनाकडं असती," मी म्हटलं.

"ह्याची चाराकडं हाय. जुन्या घड्याळांत असायची अशी. मी सांगत हुतो त्या दिवशी..."

पुढचं त्यानं गिळलं. शहाणा पोरगा. मी चुलतभावाकडं बघितलं. तो हसायला टेकला होता, पण हसला नाही, ते त्याचे उपकार. मी खोरं घेतलं, माझं दारं मातीनं बुजवलं आणि त्याचं माझ्या हातानं मोडलं. पाणी त्याच्या सरीत शिरलं.

"दादा, म्हंजे घड्याळ..."

"घड्याळ बरोबर हाय. मी पयल्या दिवसापासनं काय सांगत हुतो?"

आता तो हसला. पाचही हसले. जावई उसात तोंड घालून हसला.

पुढच्या आठवड्यात मी माझं पाणी दोनला सोडलं आणि त्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. "घे."

"दोनच वाजल्यात, दादा."

"ठावं हाय मला. घे म्हणतो न्हवं."

आधीच्या दोन पाळ्यांचे दोन तास होते, त्याला कळलं. चोर हा शब्द त्यानं परत काढला नाही, मीही नाही. घरी येऊन बैलाच्या शिंगाचा लाल रंग काडीनं घेतला आणि काचेवर बाराच्या रेघेवर हा एवढा ठिपका दिला. जावयानं बघितलं तेव्हा डोक्याला हात लावला. म्हणाला, "मामा, सगळी डिझाईन घालवली."

घालवली तर घालवली. पाटाचं घड्याळ अजून तेच आहे. पलीकडच्या बांधावरनं चुलतभाऊ वरडतो, "दादा, ठिपक्यापासनं कितवी रेघ?" आणि मी मोजून सांगतो.