रवींद्रचा पुढचा ब्रेक

बसल्या जागी झोपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत गुरुजीच फळ्याला पाठ लावून झोपायचे, आणि आम्ही पोरं त्यांची टोपी पडायची वाट बघत पाढे म्हणायचो. पण चहात दूध ओतता ओतता झोपलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा रवींद्र ठोसरे. दूध कपातून बशीत, बशीतून ओट्यावर गेलं, तरी याचा हात तसाच तिरका.

माझा मुलगा शैलेंद्र शिकागोजवळ राहतो. त्याच्याकडे येऊन मला तीन वर्षं झाली. रवींद्र मूळचा नागपूरचा, वय चव्वेचाळीस. मोठमोठ्या गोदामांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. पहाटे साडेपाचला पुण्याच्या लोकांशी त्याची मीटिंग, दिवसभर इथलं काम, संध्याकाळी पुन्हा पुण्याची मंडळी उठतात म्हणून फोन. "कसा आहेस रे?" विचारलं की म्हणायचा, "चालू आहे काका," आणि भिंतीला टेकायचा. उभा राहतो तोही कशाला तरी टेकून. स्वभावाने मात्र लोण्यासारखा. लिफ्ट बंद असली की माझी पिशवी मुकाट्याने वर आणून ठेवणारा.

त्याची बायको नेत्रा पुण्याची. लॅबोरेटरीचं शिक्षण घेतलेली, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून नऊ वर्षं तिला इथे काम करायची परवानगीच नव्हती. नऊ वर्षं! एवढ्या काळात मी चौथीपासून लग्नापर्यंत आलो होतो. यंदा फेब्रुवारीत तिचं परवानगीचं कार्ड आलं, मार्चमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीही मिळाली. सकाळी साडेसहाला हजर व्हायचं, तीस मैल लांब, हायवेने. त्याच आठवड्यात रवींद्रच्या कंपनीने फर्मान काढलं की आता घरून काम बंद, पाचही दिवस ऑफिसात या. त्याचं ऑफिस आठ मैलांवर, अगदी उलट दिशेला. मध्ये बस नाही. गाडी घरात एकच, दुसरीचं इतक्यात जमणार नव्हतं.

तेव्हा देवांग पुढे आला. हा आमच्याच इमारतीतला, कायमचा भारतात परत निघालेला मुलगा. त्याच्याकडे एक छोटी स्कूटर होती. म्हणाला, "रवीदादा, ही घेऊन टाक. विकायला जीव होत नाही."

आता इथे गंमत अशी, बरं का, की कारचं लायसन्स असलं तरी स्कूटरला ते चालत नाही. वेगळी परीक्षा. त्यातही दीडशे सीसीच्या आतल्या गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही तेवढ्याच गाडीपुरतं मिळतं, मोठी मोटारसायकल चालवायची नाही. रवींद्रला कुठे मोठी पाहिजे होती? गल्लीबोळांतून आठ मैल जायचं, आठ मैल यायचं, ऑक्टोबरअखेरपर्यंत. तोवर नेत्राची प्रोबेशन संपून दुसरी गाडी घेता येणार होती. तिने आधीच एकदा हजर व्हायची तारीख पुढे ढकलून घेतली होती. आता चार मे. त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं हॉस्पिटलने गोड शब्दांत कळवलं होतं.

"स्कूटर ना?" रवींद्र म्हणाला. "काका, मी बारा वर्षं सीताबर्डीत स्कूटर चालवली आहे. झोपेत चालवीन."

"तीच भीती आहे," नेत्रा म्हणाली.

लेखी परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. मग सराव सुरू झाला. आमच्या इमारतींच्या मागे पार्किंगचा एक कोपरा नेहमी रिकामा असतो. तिथे नेत्राने दह्याचे मोठे रिकामे डबे ओळीने पालथे मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एकेक दगड. डब्यांमधून नागमोडी जायचं, रंगवलेल्या दोन रेघांच्या आत गाडी वळवायची, पाय टेकवायचा नाही, आणि सांगितल्याबरोबर थोडक्या अंतरात गाडी थांबवायची. मी छत्री वर केली की थांबायचं, असं ठरलं होतं. एप्रिलचा वारा असा, की छत्री वर करायची ती मिटलेलीच.

मी काही नुसती छत्री धरून उभा राहणारा नाही. गोष्टी चालूच होत्या. त्यात एक नामदेव कंपाउंडरची.

आमच्या गावात पहिली फटफटी आली ती डॉक्टरांच्या नामदेव कंपाउंडरची. पांढरा लेंगा, काळा चष्मा. शाळा सुटायची वेळ, अख्खी शाळा फाटकात. नामदेव आला तो वाऱ्यासारखा, आणि पोरांवर छाप पाडायला त्याने कचकन पुढचा ब्रेक दाबला. मागचं चाक उठलं, नामदेव हँडलवरून उडाला आणि गुरांच्या हौदात बसकण मारून पडला. चष्मा मात्र नाकावर जसाच्या तसा! ही गोष्ट मी हातवारे करून सांगितली, तेव्हा रवींद्र हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचे दात पाहिले. म्हणून मी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. परीक्षेच्या दिवशी सकाळी तो हेल्मेट घालत होता तेव्हाही सांगितली, आणि वर म्हणालो, "तेवढा पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस बाबा."

"लावत नाही काका," तो म्हणाला. "लहानपणापासून लावला नाही."

देवांगने स्कूटर परीक्षेच्या जागी आणून दिली. आम्ही तिघे कारने गेलो. परीक्षा घेणारी बाई चांगली सहा फूट, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, चेहऱ्यावर काही नाही. रवींद्रने आधी हँडलला हात लावून तो छातीला लावला, मग सुरू केली. बाई शांतपणे थांबली. नागमोडी छान झाली. वळताना मात्र त्याचा डावा पाय खाली आला. सीताबर्डीच्या गर्दीत दोन्ही पाय वल्ह्यासारखे मारत जायची सवय, ती कुठे जाणार? बाईने कागदावर खूण केली. मग ती लांब जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. रवींद्रने ब्रेक दाबला. किर्रर्र करत मागचं चाक फरपटलं, स्कूटर तिरकी झाली आणि रेघ ओलांडून आणखी एक स्कूटरभर पुढे जाऊन उभी राहिली. बाई चालत आली. म्हणाली, "तुमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. तुम्ही एकच वापरलात." नापास.

परत येताना नेत्रा गाडी चालवत होती. मी मागच्या सीटवर मफलर घट्ट करून बसलो होतो.

"पुढचा दाबलाच नाहीस तू," नेत्रा म्हणाली.

"काकांनी पण सांगितलं ना…"

"काका काय आरटीओ आहेत?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती गोदामं.

"काकांचं नाही गं," रवींद्र म्हणाला. "बाबांनी आमच्या स्कूटरच्या पुढच्या ब्रेकची वायरच सैल करून ठेवली होती. आम्ही पोरं उलटू नये म्हणून. दाबला की लिव्हर नुसता मऊसूत हँडलपर्यंत जायचा. बारा वर्षं मी तशीच चालवली. बाबांना ऑफिसात कुणीतरी कसली तरी गोष्ट सांगितली होती म्हणे, कुणी तरी उडून पडल्याची."

नागपुरात तसाच एक नामदेव असणार. मला मफलरमध्ये घाम फुटला.

"पुढची तारीख शुक्रवारची मिळते आहे," नेत्रा म्हणाली. "देवांगचं विमान शनिवारी आहे. स्कूटर तिथवर न्यायला नंतर कुणी नाही. शुक्रवारी झालं तर झालं, नाहीतर मी हॉस्पिटलला कळवून टाकते." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण भाजी संपली असं सांगावं तशी तिने ते सांगितलं.

"मी ऑफिसला पायी जाईन," रवींद्र म्हणाला.

"आठ मैल?"

तोवर तो डोकं काचेला टेकून झोपला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दह्याचे डबे मांडले. पाय टेकवायची सवय तासाभरात सुटली, कारण नेत्राने त्याच्या दोन्ही बुटांना चमकदार पिवळ्या नाड्या लावल्या. पाय हलला की त्यालाच दिसायचा. पण ब्रेक! मी छत्री वर करायचो, नेत्रा ओरडायची "दोन्ही!", आणि किर्रर्र. मागचाच. पुन्हा किर्रर्र. दहा वेळा, बारा वेळा. शेवटी तो स्कूटर उभी करून फुटपाथच्या कडेवर बसला. हेल्मेटही काढलं नाही.

"होत नाही यार. मी बोटांना सांगतो, पण ती मिटतच नाहीत. डोळ्यांसमोर तो हौद येतो." आणि मग अगदी बारीक आवाजात, "थकलो गं मी."

नेत्रा त्याच्या शेजारी बसली. सातव्या इयत्तेत गुरुजींनी खडू कुणी चोरला विचारलं होतं, तेव्हा मी जसा उभा होतो तसाच आता छत्री घेऊन उभा राहिलो.

"रवी," मी म्हणालो, "हौद नव्हता."

"काय?"

"हौद नव्हता. म्हणजे गावात होता, पण शाळेपासून लांब. नामदेव हौदात पडला नाही. शाळेच्या नव्या खोलीसाठी रस्त्यावर वाळू टाकली होती. कोंबडी आडवी आली म्हणून त्याने हँडल पार वळवलं आणि त्या वाळूत ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली, कोपर खरचटलं. झालं एवढंच. चाक उठलं नाही, उडाला नाही. चष्मासुद्धा फुटला."

नेत्राने माझ्याकडे पाहिलं. "काका! किती वर्षं सांगताय ही गोष्ट?"

"पन्नास तरी झाली असतील. वाळू ठेवली तर गोष्ट पडते गं. हौद टाकला की लोक हसतात."

हेल्मेटच्या आतून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. पोट धरून, कडेवरून घसरेपर्यंत. नेत्राही हसायला लागली. मग ती उभी राहिली, पँट झटकली आणि म्हणाली, "ऊठ. इथे वाळू आहे? नाही. कोंबडी आहे? नाही. हँडल सरळ ठेव, आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबत आण. झटका नाही. आधी चालायच्या वेगात."

चालायच्या वेगात त्याने दाबला. स्कूटरने पुढून नाक खाली घातलं आणि गप्प उभी राहिली. तो तसाच बसून राहिला, खाली चाकाकडे बघत.

"बसली," तो म्हणाला. "नेत्रा, बसली खाली!"

"मग काय उडते? पुन्हा कर. जरा जोरात ये."

अंधार पडेपर्यंत त्याने चाळीस वेळा तरी तेच केलं. माझी छत्रीची काठी दुखायला लागली, म्हणजे हात. मी एकही गोष्ट सांगितली नाही. शैलेंद्र वरून खिडकीतून विचारत होता, "आबा, बरं आहे ना तुम्हाला?"

शुक्रवारी तीच सहा फुटी बाई. नागमोडीत शेवटचा नारिंगी प्लास्टिकचा शंकू हलला, पण पडला नाही. वळताना पिवळ्या नाड्या जागच्या जागी. मग बाई लांब जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. मी माझ्या जागेवर नकळत छत्री वर केली. नेत्राने माझं मनगट धरलं, चांगलंच घट्ट. स्कूटरचं नाक खाली गेलं. रेघेच्या वीतभर अलीकडे चाक उभं होतं. बाई चालत गेली, वाकून रेघेकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "आज दोन वापरलेत. पास."

मला वाटलं हा आता उडी मारेल. त्याने मान डोलावली, स्कूटर स्टँडला लावली आणि आत जाऊन फोटोच्या रांगेतल्या खुर्चीवर बसला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याला हलवून उठवावं लागलं. फोटोत डोळे अर्धे मिटलेले आले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, दुसरा काढू का? रवींद्र म्हणाला, "असू द्या. मी असाच दिसतो." देवांगला त्याने मिठी मारली, आणि स्कूटरवरून घरी आला तो स्वतः. आम्ही दोघं कारने त्याच्या मागे, पंचवीसच्या वेगाने. मागच्या गाड्या वैतागून ओलांडून जात होत्या. नेत्रा म्हणाली, "जाऊ देत." आणि डोळे पुसले.

चार मेला पहाटे साडेपाचच्या आत नेत्राची कार फाटकातून गेली. रवींद्र तेव्हा पुण्याच्या लोकांशी बोलत खिडकीत उभा होता, एका हाताने टाटा करत. साडेआठला तो निघाला. फाटकाजवळ थांबायची पाटी आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी त्याने दोन्ही ब्रेक दाबले, स्कूटरने नाक खाली घातलं, त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग गेला.

संध्याकाळी मी सुनेने केलेल्या मसालेभाताचा डबा घेऊन खाली गेलो. नेत्राच्या पहिल्या दिवसाची हकीकत ऐकायची होती, आणि मलाही आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातली एक सांगायची होती. दार नुसतंच लोटलेलं. सोफ्याच्या एका टोकाला नेत्रा, गळ्यात हॉस्पिटलचं नवं ओळखपत्र, पायात बूट तसेच, गाढ झोपलेली. दुसऱ्या टोकाला रवींद्र, हेल्मेट मांडीवर, तोही. त्याचा फोन टेबलावर थरथरत होता, पुण्याचे लोक उठले असावेत.

मी तो पालथा घातला, डबा ओट्यावर ठेवला, आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.